तात्यांचा दुसरा आवाज

"पुन्हा लाव," तात्या म्हणाले.

धाकट्या सुनेने फोन जेवणाच्या टेबलाच्या मधोमध सरकवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना पुढे केल्या. फोनमधून तात्यांचाच आवाज आला. भारदस्त, किंचित खर्जातला, उभा जन्म रेडिओवर बातम्या वाचून घोटलेला.

"नमस्कार. पाण्याच्या नवीन मीटरबद्दल मी आजवर बरीच टीका केली. पण आता मी स्वतः चौकशी केली आहे आणि माझी खात्री पटली आहे. योजना स्वच्छ आहे. जुना मीटर बदलून घेण्यासाठी खालच्या लिंकवर आजच नाव नोंदवा. जे नोंदवणार नाहीत, त्यांचं पाणी बंद होऊ शकतं."

"वाचलंय चांगलं," तात्या म्हणाले. "फक्त दुसऱ्या वाक्यानंतर मी श्वास घेतला असता. ह्याने घेतला नाही. फुप्फुसंच नाहीत ना बिचाऱ्याला. गंमत आहे."

"तुला गंमत वाटतेय," आत्या म्हणाल्या.

त्यांनी एवढंच म्हटलं आणि समोरचा चहा बाजूला सारला. रविवारच्या दुपारी त्या दोन बस बदलून भावाच्या घरी आल्या होत्या, त्या चहासाठी नव्हे. त्या आठवड्यात हा संदेश त्यांच्या फोनवर आला तेव्हा त्या कपडे वाळत घालत होत्या. ओले हात पदराला पुसून त्यांनी लिंक दाबली, विचारलं ते सगळं भरलं, फोनवर आलेला आकडाही टाकला. संध्याकाळपर्यंत नवऱ्यामागे राहिलेली सगळी पुंजी खात्यातून गेली होती.

पण रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. मधल्या वेळात बँकेतल्या मुलीचा फोन आला होता. काकू, तुम्हीच हे पैसे पाठवताय ना, खात्री आहे ना, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आणि आत्यांनी तिला झापलं होतं. सख्ख्या भावाचा आवाज ओळखायला मला तू शिकवणार का, असं त्या म्हणाल्या होत्या. ती मुलगी माफी मागून गप्प बसली होती.

"मी तुझा आवाज ओळखते म्हणून फसले," आत्या म्हणाल्या. "न ओळखणारे वाचले. शेजारीण म्हणाली, कोण हा म्हातारा, आणि पुसून टाकलं तिने."

तात्यांनी मान खाली घातली. मघाची गंमत त्यांच्या चेहऱ्यावरून उतरली.

* * *

तात्यांचा थोरला मुलगा ह्याच क्षणाची वाट पाहत होता. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात तो उपअभियंता होता, आणि कुठली झडप कधी फिरवायची हे त्याला चांगलं कळत होतं.

"तात्या, आता हे बंद करा," तो म्हणाला. "आत्याचं जे झालं ते पुष्कळ झालं."

"काय बंद करू?"

"रोज संध्याकाळचं तुमचं बोलणं. तुम्ही रोज बोलता, हजारो लोकांच्या फोनवर तुमचा आवाज जातो. कोणीही उचलतो आणि हवं ते तुमच्या तोंडी घालतो. खुराक तुम्हीच पुरवताय."

बोलणं सुरू झालं होतं ते अगदी निरुपद्रवी कारणाने. दोन वर्षांपूर्वी तात्यांचे सगळे दात काढावे लागले. मुलगी दातांची डॉक्टर. तिने कवळी बसवून दिली आणि सांगितलं की रोज संध्याकाळी थोडं मोठ्याने वाचत जा, म्हणजे जीभ सरावेल. तात्या पेपर वाचू लागले. थोड्याच दिवसांत दुसऱ्याने लिहिलेल्या बातम्यांचा त्यांना कंटाळा आला आणि ते आपल्या मनाने बोलू लागले. एकच रस्ता दोनदा का खणला. दिवसाढवळ्या दिवे का जळतात. तुमचं पार्सल अडकलंय म्हणून फोन येतो, तेव्हा पलीकडचा माणूस तुमच्याकडून नेमकं काय काढून घेतो. धाकटीने गंमत म्हणून एके दिवशी ते फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि चार ओळखीच्यांना धाडलं. आता अर्धं शहर ऐकत होतं. गेले काही महिने विषय होता पाण्याचे नवीन मीटर, आणि ते ज्या कंपनीला मिळाले त्या कंपनीचा.

थोरला ऑफिसात शिरला की हल्ली बोलणी थांबत. वरचे साहेब दर सोमवारी विचारत, "वडिलांची तब्येत काय म्हणते?" आणि तब्येतीबद्दल ते विचारत नाहीत हे केबिनमधल्या पंख्यालाही कळत होतं.

"दादा बरोबर बोलतोय," ताई म्हणाली. दातांची डॉक्टर ती हीच. "मी तुम्हाला जिभेचा व्यायाम सांगितला होता तात्या, शहर चालवायला नव्हतं सांगितलं."

"मलाही तेच वाटतं," आत्या म्हणाल्या. "गप्प बस आता. वय काय तुझं."

तिघं एका बाजूला झाली. तात्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिचा नवरा, घरातला सगळ्यात लहान मुलगा, जहाजावर असे. त्यामुळे ह्या घरात उरलेली दोन माणसं म्हणजे सासरे आणि सून. दोघांची छान गट्टी होती.

"बंद केल्याने काय होणार?" धाकटी म्हणाली. ती जाहिरातींना आवाज आणि संगीत जोडायचं काम करायची, त्यामुळे ह्या विषयात तिला कोणी सहसा टोकत नसे. "ज्याच्याकडे तात्यांचा आवाज आहे त्याच्याकडे तो राहणारच. फरक इतकाच पडेल की खोटे तात्या बोलत राहतील आणि खरे गप्प बसतील."

"तुला काय जातंय बोलायला," थोरला म्हणाला. "ऑफिसात मला बसावं लागतं."

"म्हणून तर विचारतेय दादा. आत्यांचे पैसे गेले ते चोरांनी नेले, हे समजलं. पण चोरांना मीटरची तरफदारी कशाला करायची? नुसतं पाणी बंद होईल अशी भीती घातली असती तरी लोकांनी लिंक दाबली असती. योजना स्वच्छ आहे, हे वाक्य कोणासाठी घातलंय?"

थोरल्याला हा प्रश्न सुचला नव्हता असं नाही. त्याने तो मनात येऊ दिला नव्हता.

* * *

ताईला त्या प्रश्नात फारसा रस नव्हता. राजकारण तिला कळत नसे आणि कळून घ्यायचंही नसे. पण "स्वच्छ" हा शब्द तिच्या कानात अडकला होता. काहीतरी खटकत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं. तिने फोन आपल्याकडे ओढला.

"तेवढं एकच वाक्य ऐकायचं असेल तर?"

धाकटीने दाखवलं. "योजना स्वच्छ आहे." पुन्हा. "मी स्वतः चौकशी केली आहे." पुन्हा.

"आता तात्यांचं खरं काहीतरी लाव. अलीकडचं."

धाकटीने गेल्या आठवड्यातलं लावलं. "स्थायी समितीच्या सभेत सगळ्या सदस्यांनी..." तात्यांचा आवाज सांगत होता.

ताई हसली. पेशंटचं तोंड उघडल्यावर दुखरा दात एका नजरेत सापडला की ती अशीच हसत असे.

"काय गं?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, म्हणा बरं, स्वच्छ."

"स्वच्छ," तात्या म्हणाले. 'स'च्या मागे अगदी बारीक शिट्टी वाजली. दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

"ती शिट्टी माझी," ताई म्हणाली. "वरची कवळी मी पुढून जरा जाड केली, म्हणून येते. तुम्हाला मी दहादा म्हटलं घासून देते, तुम्ही ऐकत नाही. तुमच्या रोजच्या बोलण्यात प्रत्येक 'स'ला ती आहे. आणि ह्या खोट्या आवाजात एकदाही नाही. ह्या आवाजाला स्वतःचे दात आहेत."

सगळे क्षणभर तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तात्यांनी नकळत ओठ मिटले.

"यंत्राने काढून टाकली नसेल कशावरून?" थोरल्याने विचारलं.

"काढता येते," धाकटी म्हणाली. ती आता खुर्चीच्या कडेवर आली होती. "पण कशाला काढतील? त्यांना तात्या जसे ऐकू येतात तसेच हवे होते. यंत्राला नमुना द्यावा लागतो दादा. आपण माणसाचं बोलणं त्याच्यापुढे टाकतो आणि ते त्याची नक्कल उचलतं. शिट्टी असलेला नमुना दिला तर नक्कलसुद्धा शिट्टी घालते. म्हणजे ह्यांनी रोजच्या बोलण्यातून आवाज उचललाच नाही. कवळीच्या आधीचा उचललाय."

"मग रेडिओचा," आत्या म्हणाल्या. "जुन्या टेप असतील कोणाकडे."

"नाही," ताई म्हणाली. "रेडिओवरचे तात्या चाळिशी-पन्नाशीतले. हा घसा म्हाताऱ्या माणसाचा आहे, आणि दात मात्र शाबूत. म्हणजे निवृत्तीनंतरचा आणि कवळीआधीचा. मी तेव्हा परगावी होते. तात्या, त्या काळात तुम्ही कुठे काही ध्वनिमुद्रित केलं होतं का? बसून, नीट, शांत खोलीत?"

* * *

तात्यांना लगेच आठवलं.

पाणीपुरवठा ऑफिसची मागची खोली. खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या, बाहेरच्या गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून. टेबलावर एक माइक आणि त्यांच्या बायकोने कोमट पाण्याने भरून दिलेला थर्मास. तक्रारीचा फोन लावला की आपोआप उत्तर मिळेल अशी सोय खात्याला करायची होती, आणि थोरल्याने साहेबांना सांगितलं होतं की आवाज घरचाच आहे. तात्या काही दुपारी तिथे बसून वाचत होते. शून्य, एक, दोन. सकाळी, दुपारी. कमी दाबाने. आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.

ते काम एका कंपनीकडे होतं. कंपनीचा माणूस सतत हसत असे, म्हणून ऑफिसात त्याला सगळे हसरेसाहेब म्हणत. सगळं वाचून झाल्यावर हसरेसाहेब म्हणाला होता, आजोबा, आणखी थोडं लांबलचक काही वाचाल का, काहीही चालेल. कशाला ते तात्यांनी विचारलं नाही. निवृत्तीनंतर कोणी त्यांना आणखी वाचा म्हटलं नव्हतं. ते जुन्या बातम्या आठवून आठवून वाचत राहिले, अंधार पडेपर्यंत. आणि काचेपलीकडे थोरला उभा होता, ऑफिसातल्या दोघा-तिघांना घेऊन. हे माझे वडील, असं सांगत होता. त्याचा तो चेहरा तात्यांनी जपून ठेवला होता. मुलगा आपल्यावर इतका खूश त्यांनी क्वचितच पाहिला होता.

तीच कंपनी. मीटरसुद्धा आता तिलाच मिळाले होते.

त्यांनी थोरल्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाकीच्यांनीही पाहिलं असतं.

"नाही बुवा आठवत," ते म्हणाले.

"तात्या, तुम्हाला रेडिओवरच्या पहिल्या दिवसाच्या बातम्या पाठ आहेत," ताई म्हणाली.

"जुनं आठवतं. मधलं विसरायला होतं. वय झालं."

"आई असती तर तिने सांगितलं असतं," ताई निराश होऊन म्हणाली.

आत्या भावाकडे बघत राहिल्या. त्यांचा भाऊ स्वतःच्या तोंडाने वय झालं म्हणाला, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

* * *

थोरल्याने हातातला कप खाली ठेवला. तो कधी उचलला होता हे त्याला आठवत नव्हतं.

तात्या खोटं बोलले होते. आयुष्यात एकही बातमी वाढवून न सांगणारा माणूस, जो कॉलेजात मुलाच्या हजेरीसाठी साधं आजारपणाचं कारण द्यायला तयार नव्हता, तो आता टेबलाच्या कडेला बोटाने चाळा करत बसला होता. माझ्यासाठी. हे थोरल्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याला बसवेना.

वाट मोकळी होती. आई नाही. ताई तेव्हा इथे नव्हती, धाकटी लग्न होऊन आली नव्हती, आत्याच्या घरी नळाच्या जोडीला विहीर असल्याने तिने पाण्याच्या तक्रारीचा फोन कधी लावलाच नव्हता. ती सोयही जेमतेम महिनाभर चालली. लोक तात्यांना रस्त्यात गाठून विचारायचे, तुम्ही तर म्हणालात उद्या पाणी येईल, आलं नाही. शेवटी साहेबांनीच ती बंद केली. कोणाच्या लक्षात असण्याचं कारण नव्हतं. त्याने फक्त उठायचं होतं, चला निघतो म्हणायचं होतं.

"पाण्याच्या ऑफिसात," तो म्हणाला.

"काय?" ताईने विचारलं.

"तात्यांनी आमच्या ऑफिसात ध्वनिमुद्रण केलं होतं. तक्रारीच्या फोनसाठी. त्यांना चांगलं आठवतंय. सगळं ध्वनिमुद्रण कंपनीच्या माणसाने तिथेच पेनड्राइव्हवर उतरवलं आणि ऑफिसात ठेवलं. काम बंद पडलं तेव्हा तो ते मागायला आला. मी विचारलं नाही कशाला हवंय. कपाटातून काढून त्याच्या हातात दिलं." तो थांबला. "कंपनी तीच. मीटरवाली."

धाकटीने फोन पालथा घातला.

"तुला काय मिळालं?" आत्यांनी विचारलं. आवाज चढवून नाही. जाणून घ्यायचं होतं म्हणून.

"काही नाही आत्या. खरंच काही नाही. हसरेसाहेब म्हणाला, तुमच्यासारखी माणसं असली की काम सोपं होतं. मला बरं वाटलं."

"काहीतरी घेतलं असतंस तर मला तुझा राग तरी करता आला असता," आत्या म्हणाल्या, आणि रुमालाने उगीचच चष्मा पुसू लागल्या.

तात्या खुर्चीत सरळ झाले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि त्यांच्यातला बातमीदार जागा झाला होता.

"मला एक सांग. मीटर चांगले आहेत का?"

"तात्या, जाऊ द्या ना."

"मी चार महिने बोलतोय त्यावर. सगळं ऐकीव. तू आत बसतोस. मी तुला कधी विचारलं नाही, कारण तुला अडचणीत आणायचं नव्हतं. आज विचारतो."

थोरल्याने खिडकीकडे पाहिलं. "हवेवर फिरतात," तो म्हणाला. "पाणी सोडायच्या आधी नळातून हवा येते ना, फुसफुस करत. जुना मीटर तेवढ्याने जेमतेम हलतो. हा गरगर फिरतो. दोन गल्ल्यांत बसवून मी स्वतः पाहिलं. साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मग हवा काय फुकट येते का."

ताईला हसू फुटलं आणि तिने ते लगेच आवरलं. पण तात्या हसले, मोकळेपणाने, कवळी सावरत. मग थोरलाही हसला. हसताना त्याचे डोळे भरून आले, ते सगळ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

* * *

ह्यानंतर जे झालं त्याचं धाकटीला नवल वाटलं. ह्या घरात येऊन तिला फार वर्षं झाली नव्हती. कोण कोणाच्या बाजूने उभं राहील ह्याचे तिचे अंदाज अजून चुकत.

तात्यांना गप्प बसायला सांगणारी ताईच म्हणाली, "हे आजच्या आज लोकांना सांगायला हवं. उद्या आणखी कोणी लिंक दाबेल."

आणि पैसे गमावून बसलेल्या आत्या म्हणाल्या, "अजिबात नाही. माझे गेले ते गेले. पोरगा कामाला लागलाय, त्याची मुलं शिकतायत. त्याचं नाव कुठेही येता कामा नये."

"आत्या, फक्त तुझेच नाही गेले. गल्लीच्या तोंडाशी शिंपी आहे, त्याचेही गेले. माझ्या दवाखान्यात लादी पुसायला येते तिचे गेले. तिने मला सांगितलं, तुमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून भरले."

तात्यांनी डोळे मिटले.

"एक मी सांगू?" धाकटी म्हणाली. सगळ्यांना वाटलं ती ताईची री ओढणार. "कंपनीनेच हे केलं हे आपल्याला माहीत नाही. तिथून कोणी आवाज चोरला असेल. हसरेसाहेबाने परस्पर विकला असेल. आपण कंपनी चोर आहे म्हटलं आणि तसं नसलं, तर खोट्या तात्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? जे माहीत आहे तेवढंच बोलायचं. आवाज कधी घेतला, कुठे घेतला, कोणाच्या हातात दिला. आणि मीटर हवेवर फिरतात. पुढचं पोलिसांनी शोधावं."

"तेवढंच म्हणजे बातमी," तात्या म्हणाले. "हिला रेडिओवर घ्यायला हवी होती."

"मग बोला तुम्ही," ताई म्हणाली.

"मी बोलून काय होणार?" तात्यांनी फोनकडे बोट केलं. "पंधरवड्यापूर्वी मी म्हणालो मीटर वाईट. परवा मी म्हणालो मीटर चांगले. आज पुन्हा म्हणणार वाईट. ऐकणाऱ्याने कोणत्या तात्याचं खरं मानायचं? माझ्या आवाजाची पत गेली बाई. ती आता कवळी दाखवून परत मिळायची नाही."

कोणी थोरल्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी ठरवून बघितलं नाही, हे थोरल्याला कळलं.

तो उठून बाहेरच्या जिन्यात गेला. दाराच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. त्याने बायकोला फोन लावला होता. बराच वेळ तोच बोलत होता, मग बराच वेळ ऐकत होता. आत आला तेव्हा त्याने बाह्या दुमडल्या होत्या, ऑफिसात पाइप बघायला निघताना दुमडायचा तशा.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"म्हणाली, बोल. पण नीट बोल, घाबरल्यासारखं बोलू नकोस. आणि जेवायला उशीर होणार असेल तर कळव." तो धाकटीकडे वळला. "कुठे बसायचं?"

तात्या रोज स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून बोलत. धाकटीने खिडकी लावली, फ्रिजचं बटण बंद केलं, फोन पालथ्या घातलेल्या पातेल्याला टेकवून उभा केला. आत्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, "विचार कर रे." थोरल्याने मान हलवली. केला, असं.

तो चांगला वक्ता नव्हता. आधी स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगितला. मग वडिलांचा आवाज ऑफिसात कसा घेतला ते सांगितलं, कोणाच्या हाती दिला ते सांगितलं. त्या दिवशी मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही, असं म्हणाला. लिंक दाबू नका, नगरपालिका फोनवर असली माहिती कधीच मागत नाही. मीटरचं सांगताना तो अडखळला, पुढे गेला, आणि मग जरा जोरात म्हणाला, "हे मी वरिष्ठांना तोंडी कळवलं होतं. उद्या लेखी कळवणार आहे. माझ्या आत्याचे पैसे गेलेत. उद्या सकाळी मी तिला घेऊन पोलिसांकडे जातोय. ज्यांचे ज्यांचे गेलेत त्यांनी यावं. एकदम गेलो तर ऐकून घेतील."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. पोलिसांकडे जायचं त्याने त्यांना आधी सांगितलं नव्हतं. आतापर्यंत चौकीच्या खेपा एकट्याच घालत होत्या त्या.

धाकटीने ऐकून पाहिलं. मध्ये एकदा खाकरणं होतं, एकदा खुर्ची करकरली होती. नेहमीच्या कामात तिने ते कापलं असतं. तिने काही कापलं नाही. "पाठवू?"

थोरल्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "मला कशाला विचारतोस. बातमी तुझी आहे."

"पाठव," थोरला म्हणाला.

फ्रिज पुन्हा सुरू झाला. ताईने सगळ्यांसाठी पाव भाजायला घेतले. आत्या मीठ कुठे आहे ते शोधू लागल्या. फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. कोणी उचलून पाहिला नाही. थोरला खिडकीपाशी तसाच बसला होता.

"तात्या," थोड्या वेळाने तो म्हणाला, "पोलिसांकडून आलो की उद्या रजाच टाकावी म्हणतो."

"टाकू नकोस," तात्या म्हणाले. "पोलिसांकडून सरळ ऑफिसला जा. उद्या तू खुर्चीत दिसला नाहीस, तर लोक म्हणतील, हाही आवाज खोटाच होता."